ठराव मंजूर, पाणी नामंजूर

४ ऑगस्ट ही तारीख आमच्या समाजाच्या दिनदर्शिकेत ठळक अक्षरांनी छापली जात नाही. २० मार्च, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या तारखा आमच्या मुलांना तोंडपाठ असतात, आणि तशा त्या असावयासच हव्यात. परंतु १९२३ च्या ४ ऑगस्टला मुंबई कायदेकौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी अस्पृश्यांच्या पाण्याचा प्रश्न सभागृहापुढे मांडला आणि सभागृहाने त्यांचा ठराव मंजूर केला, त्या दिवसाचा आमच्या बांधवांनी एकदा शांतपणे अभ्यास केला पाहिजे. कायदेमंडळाच्या मतदानातून दलितांच्या पदरात काय पडू शकते आणि काय पडू शकत नाही, याचा सारा हिशेब त्या एका दिवसाच्या कामकाजात सामावलेला आहे.

प्रथम ते सभागृह कोणत्या प्रकारचे होते हे ध्यानी घेतले पाहिजे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने ब्रिटिश सरकारने आपल्या मुठीतील थोडी सत्ता प्रांतांच्या स्वाधीन केली आणि प्रांतांतील खात्यांचे दोन वाटे घातले. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे ही सोपीव खाती कायदेकौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. पोलीस, न्याय व जमीनमहसूल ही राखीव खाती गव्हर्नर व त्याचे कार्यकारी मंडळ यांच्या हाती राहिली. या व्यवस्थेस द्विदल राज्यपद्धती असे म्हणत. आता अस्पृश्याच्या दृष्टीने या वाटणीचा अर्थ काय झाला तो पहा. तळे म्युनिसिपालिटीचे, म्हणून ते सोपीव खात्यात. तळ्यावर गेलेल्या माणसाच्या डोक्यात काठी पडली तर ती अडविणारा पोलीस मात्र राखीव खात्यात. दोन भाऊ वेगळे निघाले, एकाच्या वाट्याला विहीर आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला मोट गेली, तर त्या शेताला पाणी कोण पाजणार? देऊ केलेल्या सत्तेचा हा गुण प्रारंभापासूनच होता: ज्याच्याकडे ठराव करण्याचा अधिकार, त्याच्याकडे तो पाळविण्याचे साधन नाही, आणि ज्याच्याकडे साधन, त्याला इच्छा नाही.

त्या सभागृहात अस्पृश्य होता कोठे? मताचा हक्क मालमत्तेच्या आणि कराच्या मापाने मोजलेला होता. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या महारकीच्या वेठबिगारीत गेल्या, ज्याला जमीन म्हणून वतनाचा तुकडा आणि मजुरी म्हणून शिळा तुकडा मिळाला, त्याचे ते माप कोठून भरावे? म्हणून अस्पृश्यांचा सभासद निवडून येत नसे. सरकार तो नेमून घेई. ज्यांच्या पाण्याविषयी त्या दिवशी सभागृह विचार करीत होते, त्यांच्या मताने निवडून आलेला एकही मनुष्य त्या विचारात सहभागी नव्हता. आपल्याविषयी दुसरे बोलणार, आपल्याविषयी दुसरे मत देणार आणि आपण गॅलरीच्याही बाहेर उभे राहून निकालाची वाट पाहणार, ही स्थिती होती.

रावबहादुर बोले यांच्याविषयी आमचे मन कृतज्ञतेने भरलेले आहे, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. भंडारी समाजातील हा पुढारी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झटला आणि अस्पृश्यांच्या बाजूने तोंडदेखले न बोलता उभा राहिला. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्कारसभेचे अध्यक्षपद याच बोले यांनी भूषविले होते. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. बौद्ध समाजाने विसरू नये असा तो प्रसंग आहे. तेव्हा पुढील टीका बोले यांच्यावर नाही. ठराव करून हात धुणाऱ्या व्यवस्थेवर ती आहे.

ठरावाचा आशय असा होता: सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या कारभाराखालील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गास करू द्यावा, अशी कौन्सिल शिफारस करते. या ठरावाचे बळ एका साध्या विचारात होते. ज्या तिजोरीतून विहीर बांधली त्या तिजोरीत महाराचाही पैसा आहे, चांभाराचाही आहे, मांगाचाही आहे. पैसा घेताना विटाळ होत नसेल तर पाणी देताना तो कोठून येतो? या प्रश्नास कोणत्याही शास्त्रीपंडिताजवळ त्या दिवशीही उत्तर नव्हते व आजही नाही.

परंतु त्याच वाक्यात दोन दुबळे शब्द होते. एक 'करू द्यावा' आणि दुसरा 'शिफारस'. 'करू द्यावा' म्हटले की देणारा एक आणि घेणारा दुसरा असा भेद गृहीत धरला जातो. हक्क असलेल्या माणसास कोणी काही करू देत नसते. तो ते करतो. आणि 'शिफारस' हा शब्द तर त्या कौन्सिलाच्या घटनेतच कोरलेला होता. कौन्सिलाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो सरकारला केलेला उपदेश. देवळांचा तर त्या ठरावात उल्लेखच नव्हता. म्हणजे सभागृहाने आपल्या धैर्याची हद्द स्वतःच आखून घेतली होती: पाणवठ्यापर्यंत यावे, गाभाऱ्याकडे पाहू नये.

हा उपदेश सरकारच्या कचेरीत गेल्यावर त्याचे काय झाले? पाच आठवड्यांनी, ११ सप्टेंबर १९२३ रोजी, मुंबई सरकारने त्यावर आपला आदेश काढला. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागा व संस्था यांपुरता ठराव अमलात आणावा असे खातेप्रमुखांस फर्मावले. पण गावोगावची तळी व विहिरी होत्या म्युनिसिपालिट्यांच्या व लोकल बोर्डांच्या ताब्यात. त्यांच्याबाबत आदेशाची भाषा एकदम मवाळ झाली. कलेक्टरांना विनंती करण्यात आली की, त्यांनी स्थानिक संस्थांना असा सल्ला द्यावा की, त्या संस्थांनी ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा विचार करावा. वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. हुकमाची झाली विनंती, विनंतीचा झाला सल्ला, सल्ल्याचा झाला विचार, आणि विचार तरी कशाचा, तर पाणी देण्याचा नव्हे, ते देणे इष्ट आहे की काय याचा! चार गाळण्यांतून गाळून घेतल्यावर भांड्यात जे उरले ते तहानलेल्या माणसाच्या घशाखाली उतरण्याजोगे नव्हते.

तरी महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ च्या जानेवारीत हा विचार करून चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. आता एकावर एक तीन ठराव झाले: कौन्सिलाचा, सरकारचा आणि म्युनिसिपालिटीचा. तीन ठराव झाले, पण ओंजळभर पाणी मिळाले नाही. त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत होते, गुरेढोरे तोंड घालीत होती. महाडच्या बाजारात मालाची ओझी घेऊन आलेला अस्पृश्य मात्र घसा कोरडा पडला तरी काठावर जाऊ शकत नव्हता. त्याच्या खिशात कायदेमंडळाचा ठराव होता आणि त्याच्या समोर गावची लाठी होती. दोहोंपैकी लाठी अधिक जवळ होती.

बोले यांना ही स्थिती दिसत नव्हती असे नाही. म्हणूनच १९२६ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस कौन्सिलाने दुसरा ठराव केला: ज्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. आता शिफारशीच्या पाठीशी दंडाची भाषा आली. पण तीही शिफारसच. सभागृहाला एकाच विषयावर तीन वर्षांनी दुसरा ठराव करावा लागतो, याचा अर्थ पहिला ठराव मेला होता. दुसरा ठराव हा पहिल्याच्या मृत्यूचा दाखला असतो. आणि या दुसऱ्या ठरावानंतरही महाडच्या तळ्याची वाट उघडली नाही.

ती उघडली २० मार्च १९२७ रोजी, आणि ती कोणत्याही सभागृहाने उघडली नाही. कुलाबा जिल्ह्यातील बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले स्त्रीपुरुष रांगेने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले. बाबासाहेब त्या वेळी कोण होते? १९२७ च्या आरंभीच ते मुंबई कायदेकौन्सिलाचे सभासद झाले होते. म्हणजे ज्या कौन्सिलाने तळे खुले करण्याची शिफारस केली त्या कौन्सिलाचा विद्यमान सभासद, परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर, महाडच्या तळ्यापुढे उभा राहिला तेव्हा गावाच्या लेखी तो केवळ महार होता. सभागृहातील आसनाने त्याची जात धुतली गेली नाही. परिषदेहून परतणाऱ्या निःशस्त्र लोकांची डोकी फोडण्यात आली आणि नंतर शेणमूत, दूध, दही यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. कायदेमंडळाच्या ठरावाने जे पाणी सर्वांचे ठरले होते ते गोमूत्राने पुन्हा काहींचे झाले.

आता तारखांचा खेळ पहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी कौन्सिलाने ठराव केला. बरोबर चार वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, महाडच्या म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. मतदानाने जे दिले ते मतदानाने परत घेतले! त्याच वर्षीच्या डिसेंबरात सनातनी मंडळींनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला जमलेल्या सत्याग्रहींनी मनुस्मृती जाळली, पण न्यायालयाचा मान राखून तळ्यावर जाणे पुढे ढकलले. पुढे तो खटला एका न्यायालयातून दुसऱ्यात फिरत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अंतिम निकाल दिला की, अस्पृश्यांस वगळण्याची अनादि रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. कौन्सिलाच्या पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत १३ वर्षे, ७ महिने आणि १३ दिवस लागले. त्या काळात जन्मलेले मूल मिसरूड फुटण्याच्या वयात आले.

या साऱ्याचा बोध काय? काही मंडळी म्हणतील, 'कायदेमंडळे निरुपयोगी आहेत, त्यांच्या नादी लागू नका.' हा बोध चुकीचा आहे आणि आमच्या हिताला घातकही आहे. १९२३ चा ठराव नसता तर महाडला गेलेल्या लोकांना शांतताभंग करणारे दांडगे ठरविणे सोपे गेले असते. ठराव होता म्हणून ते कायद्याच्या बाजूचे होते आणि त्यांना अडविणारे कायद्याच्या विरुद्ध होते. ठरावाने पाणी दिले नाही, परंतु पाण्यासाठी उभे राहावयास जमीन दिली. ही गोष्ट लहान नाही. उलट दुसरी मंडळी म्हणतील, 'एकदा ठराव झाला, आता धीर धरा, लोकांची मने हळूहळू बदलतील.' या धीराची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरात नळ आहे तो धीर धरण्याचा उपदेश करतो आणि जिच्या डोक्यावर रिकामी घागर आहे तिने तो पाळावयाचा असतो. तात्पर्य एवढेच की, सभागृहातील ठराव हा हक्काचा दस्तऐवज आहे. दस्तऐवज पेटीत ठेवून शेताचा ताबा मिळत नाही. ताब्यासाठी बांधावर जाऊन उभे राहावे लागते, आणि दस्तऐवज नसेल तर बांधावरून हुसकले जाण्याची भीती असते. दोन्ही हवेत.

बाबासाहेबांनी हा धडा किती खोलवर घेतला होता ते पहावयाचे असेल तर भारतीय संविधान उघडावे. कलम १५ चे दुसरे उपकलम वाचताना १९२३ च्या ठरावाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. राज्याच्या निधीतून सर्वस्वी वा अंशतः चालविलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांच्या उपयोगाबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकावर बंधन घालता येणार नाही, असे ते सांगते. बोले यांच्या ठरावातील सार्वजनिक पैशाचा तोच युक्तिवाद येथे आहे, पण ते दोन दुबळे शब्द गेले आहेत. 'करू द्यावा' नाही आणि 'शिफारस' नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण शिक्षापात्र ठरविले. कलम १३ ने तर मूलभूत हक्कांशी विसंगत असलेल्या कायद्यांबरोबर रूढींनाही निरर्थक केले. महाडच्या खटल्यात दहा वर्षे ज्या रूढीचे भूत नाचविण्यात आले, तिला संविधानाने कायमची मूठमाती दिली. ज्याला म्युनिसिपालिटीने तळ्यावरून परत पाठविले त्यानेच मसुदा समितीच्या अध्यक्षपदावरून साऱ्या देशाच्या तळ्यांचे दार उघडले.

मग तरीही १९५६ का घडले? संविधान मिळाले असताना, कायदा झाला असताना, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा का घेतली? आमचे टीकाकार हा प्रश्न अजून विचारतात. त्याचे उत्तर ४ ऑगस्ट १९२३ च्या त्या 'करू द्यावा' या शब्दांतच आहे. कायद्याने तळे खुले होते; तळ्याकडे जाणारा मनुष्य विटाळाचा आहे ही भावना कायद्याने जात नाही, कारण ती धर्माने पोसलेली आहे. जोवर आपण त्याच धर्माच्या उंबरठ्यावर उभे राहून आत घेण्याची विनवणी करतो, तोवर आत घेणारा मोठा आणि विनवणारा लहानच राहणार. दीक्षाभूमीवर कोणी ठराव मांडला नाही, कोणी अनुमोदन दिले नाही, मते मोजली गेली नाहीत, आणि कलेक्टरांना विचार करण्याची विनंतीही झाली नाही. लोक उभे राहिले, त्रिशरण पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि ज्या व्यवस्थेकडे ते परवानगी मागत होते ती व्यवस्थाच त्यांनी मागे टाकली. त्या दिवशी कोणी कोणाला काही करू दिले नाही. त्यांनी ते केले.

परंतु धर्मांतराने राज्यसंस्थेशी असलेला आमचा झगडा संपला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी बांधून टाकलेला होता. बौद्ध होताच आमच्या बांधवांच्या सवलती गेल्या, जणू दीक्षेच्या त्या एका दिवसात शेकडो वर्षांचे दारिद्र्य धुऊन निघाले! १९६० साली महाराष्ट्र सरकारने आपल्या अधिकारात नवबौद्धांना सवलती देण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह होता. पण अनुसूचित जातींच्या यादीला राज्य हात लावू शकत नव्हते. ते काम संसदेचे. म्हणून मुंबईत जो सवलतीस पात्र तोच दिल्लीच्या नोकरीस अपात्र, असा विचित्र प्रकार चालू राहिला. विहीर एकाकडे आणि मोट दुसऱ्याकडे, ही द्विदल पद्धतीची जुनी खोड नव्या राज्यातही आमच्या वाट्याला आली. अखेर १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. दीक्षेनंतर ३४ वर्षांनी! या ३४ वर्षांत किती तरुणांचे वय निघून गेले, याची नोंद कोणत्याही सभागृहाच्या कामकाजात सापडणार नाही.

आणि कोणी असे समजू नये की, ठराव करून विसरून जाणे हा केवळ ब्रिटिश काळातील रोग होता. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. तो दोन्ही सभागृहांत संमत झाला. हे विधिमंडळ स्वतंत्र भारताचे, प्रौढ मतदानाच्या काळातले. येथे राखीव खाती नव्हती आणि गव्हर्नरचे कार्यकारी मंडळही नव्हते. तरी काय झाले? मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे पेटली, माणसे मारली गेली. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. आणि सरकारने ठराव बाजूस ठेवला. जाळणाऱ्यांच्या मशालींना सभागृहाच्या मतांहून अधिक वजन मिळाले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःस जाळून घेतले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठास नाव मिळाले, तेही 'मराठवाडा' हा शब्द राखून, नामांतराऐवजी नामविस्तार या तडजोडीने. ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत १५ वर्षे, ५ महिने आणि १८ दिवस. महाडच्या १३ वर्षांहून हा काळ अधिक आहे! परकीय सरकारच्या अमलात चवदार तळ्याचा निकाल जेवढ्या वेळात लागला, तेवढ्या वेळात स्वराज्यातील विधिमंडळाला आपल्या एका ठरावातील नावाची पाटी लावता आली नाही. ज्यांना या तुलनेचा राग येईल त्यांनी तारखांवर रागवावे.

आणखी एक उदाहरण. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. हा विषय राज्यांच्या अधिकारात येत असल्यामुळे आंध्र प्रदेश, गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र, त्रिपुरा व पश्चिम बंगाल या राज्यांच्या विधानमंडळांनी प्रथम ठराव केले आणि त्या आधारे संसदेने कायदा केला. म्हणजे महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही राज्ये मागणी करणाऱ्यांत होती. त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. कायदा अमलात आला १९९७ साली, आणि २०१३ साली त्याच विषयावर पुन्हा नवा कायदा करावा लागला. दुसरा ठराव हा पहिल्याच्या मृत्यूचा दाखला असतो, हे वर सांगितलेच आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्या कामगाराच्या वारसांस १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढते, याचाच अर्थ माणसे गटारात उतरतात व मरतात. पूर्वी अस्पृश्याला तळ्यात हात घालू दिला जात नव्हता. आज त्याच्या नातवाला गटारात बुडू दिले जाते. 'करू द्यावा' या शब्दाचा असा भयंकर उपयोग बोले यांच्या स्वप्नातही आला नसेल.

येथे प्रामाणिक विरोधकाचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तो म्हणेल, 'सभागृह लोकांच्या पुढे फार धावू शकत नाही. समाज तयार नसताना सक्तीने ठराव राबविला तर दंगे होतात. १९२७ ला झाले, १९७८ ला झाले.' या युक्तिवादात एक लबाडी दडलेली आहे. समाज म्हणजे कोण? महाडच्या परिषदेस आलेले हजारो लोक समाजात मोडत नव्हते काय? विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मागणारे तरुण समाजाबाहेरचे होते काय? दंगा करणारा तेवढा समाज आणि दंगा सोसणारा तो उपद्रव, अशी व्याख्या केली म्हणजे समाज कधीच तयार होणार नाही, कारण तयार न होण्यातच त्याचा लाभ आहे. सभागृहाने मत दिल्यावर मतभेदाचा प्रश्न संपतो. त्यापुढे प्रश्न उरतो तो राज्य करण्याचा. ठराव करून तो न राबविणारे सरकार तटस्थ राहत नाही. ते काठी हाती असलेल्याच्या पक्षाला जाऊन मिळते.

म्हणून आमच्या बांधवांना आणि विशेषतः विधिमंडळात बसलेल्या आमच्या प्रतिनिधींना आमचे सांगणे आहे. कोणताही ठराव वा कायदा तुमच्यापुढे आला म्हणजे त्याच्या प्रस्तावनेतील गोड शब्दांनी हुरळून जाऊ नका. तीन गोष्टी शोधा. अंमलबजावणीची तारीख लिहिली आहे काय? ती करणारा अधिकारी कोण, याचा स्पष्ट निर्देश आहे काय? न केल्यास त्याला शिक्षा काय, हे सांगितले आहे काय? या तीन गोष्टी नसतील तर तो कागद ११ सप्टेंबर १९२३ च्या आदेशाचा सख्खा भाऊ समजा. राखीव जागेवरून निवडून जाऊन जो या तीन प्रश्नांपैकी एकही विचारीत नाही, त्याच्या आणि १९२३ च्या त्या सभागृहातील आमच्या अनुपस्थितीच्या मध्ये काही फरक आहे काय? तेव्हा आमचा निवडलेला मनुष्य तेथे नव्हता म्हणून कोणी बोलले नाही. आज तो तेथे आहे आणि तरीही तो बोलत नसेल, तर ही अनुपस्थिती अधिक लाजिरवाणी आहे.

आणि जे सभागृहाबाहेर आहेत त्यांचे काम त्याहून मोठे आहे. गावागावांतील बौद्ध मंडळांनी, महिला मंडळांनी आणि विहारांतील तरुणांनी आपल्या तालुक्यापुरती एक वही ठेवावी. त्या वहीत दोन रकाने असावेत: एकात ठरले काय ते, दुसऱ्यात झाले काय ते. स्मशानभूमीचा रस्ता, वस्तीचा नळ, वसतिगृहाचा भत्ता, शिष्यवृत्तीचा हप्ता, गायरानाचा पट्टा. प्रत्येकाची तारीख लिहावी. दर वर्षी ४ ऑगस्टला ती वही विहारात मोठ्याने वाचावी. भगवान बुद्धाने कोणतीही गोष्ट ऐकीव म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा अधिकारी पुरुष सांगतो म्हणून मानू नका, अनुभवाने तपासून घ्या असे शिकविले. मग सरकारी ग्रंथातील शब्द तरी न तपासता का मानावा? ठराव तपासणे हेही धम्माचरणच आहे.

४ ऑगस्ट १९२३ च्या सभागृहात बसलेल्या सद्गृहस्थांना संध्याकाळी घरी जाताना वाटले असेल की, आज आपण अस्पृश्यांना पाणी दिले. त्यांनी पाणी दिले नव्हते, शब्द दिला होता. त्या शब्दाचे पाणी केले ते महाडच्या उन्हात रांगेने चालत गेलेल्या, डोक्यावर लाठ्या झेललेल्या, नाव न राहिलेल्या स्त्रीपुरुषांनी. सभागृहे शब्द देत राहतील. ते शब्द घ्यावेत, जपून ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या वाटेला लागावे.

जय भीम!